आईच्या पाठीमागे

सोलापुरात माणूस हळू बोलायला लागला की समोरच्याला दोनच शंका येतात. एक तर ह्याच्या घरी कुणीतरी आजारी आहे, नाही तर हा काहीतरी लपवतोय. इथं मायाही मोठ्यानं करतात आणि भांडणही मोठ्यानं; लांबून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. अशा गावात प्रियदर्शनी सरगर हळू बोलण्यावर पोट भरत होती, हे कौतुकच म्हणायचं. जुळे सोलापूर भागात एका औषधाच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. दारावर समुपदेशन केंद्राची पाटी, आत दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी आणि तिचा तो आवाज. रडत आलेलं माणूस त्या आवाजानंच निम्मं शांत व्हायचं.

तिची एक पद्धत होती, आणि देवावर नसेल एवढा तिचा त्या पद्धतीवर विश्वास होता. कुणाला काही अवघड सांगायचं असलं की ती खुर्ची पुढं ओढायची, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायची. आवाज आणखी खाली आणायची, 'माझ्याकडं बघा' म्हणायची, आणि जे खरं असेल ते लहान लहान वाक्यांत सांगून टाकायची. पुण्याला शिकताना हे तिला शिकवलं होतं आणि आता ते तिच्या अंगात मुरलं होतं. दुःख नीट कळलं की माणूस बदलायला लागतो, न कळलेलं दुःख आतल्या आत कुजतं, असं ती सगळ्यांना सांगे. ते बरंचसं खरंही होतं. पण कळलेलं ठेवायला माणसाकडं जागा असावी लागते, ही साधी अट कुठल्या पुस्तकात तिला ठळक अक्षरात दिसली नव्हती.

तिची आई गोजाबाई सांगोल्याकडची. निम्मा जन्म मेंढरांमागं उन्हातान्हात गेलेला. नवरा तात्याबा गेल्यावर तिनं मेंढरं विकली आणि ती सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली. मुलगा इंद्रजीत माढ्याच्या एका हायस्कुलात मास्तर होता, मोटारसायकलवर रोज जाऊन येऊन करायचा. सून ऋतुजा केम गावची, बँकेत नोकरीला. मुलगी प्रियदर्शनी दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. लग्नाच्या वाटेला ती गेली नव्हती. गोजाबाईला ह्या मुलीचा अभिमान होता पण तिचा धंदा मात्र कधीच कळला नव्हता. नुसतं बोलायचं आणि लोक त्याचे पैसे देतात, हे तिला जरा लबाडीचंच वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर गोजाबाईला ताप आला आणि तो मेंदूत गेला. बरेच दिवस ती शुद्धीवर नव्हती. मग एका सकाळी डोळे उघडून तिनं चहा मागितला आणि सगळ्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण चहा पिऊन झाल्यावर तिनं पुन्हा चहा मागितला, आणि तो पिऊन झाल्यावर पुन्हा. मेंदूचे डॉक्टर शिवराज बिराजदार प्रियदर्शनीच्या ओळखीचे होते, तिच्याकडं पेशंट पाठवायचे. त्यांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. कानाच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एकेक भाग असतो. आजचा दिवस उद्यासाठी ठेवून देणं हे त्याचं काम. दोन्ही बाजूंचे जळून गेले होते. जुनं सगळं शाबूत राहील, ते म्हणाले, माणसं ओळखतील, भाकरी थापतील, गाणी म्हणतील. नवं मात्र काही राहणार नाही.

त्या वॉर्डात पिंकी नावाची एक नर्स होती. हसरी पोरगी, पण रोज सकाळी सुई टोचायला तीच यायची. गोजाबाई रोज तिच्याकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघायची आणि विचारायची, ही कुणाची पोरगी गं, गोड हाय. आणि हे विचारता विचारता डावा दंड पदराखाली लपवायची. का लपवलास म्हणून विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. थंडी वाजतीया, असं काहीतरी म्हणायची. डॉक्टरांनी हे मुद्दाम प्रियदर्शनीला दाखवलं. बघा, नाव राहिलं नाही, तोंड राहिलं नाही, सुई राहिली, असं ते म्हणाले. भीती साठवणारी जागा वेगळी असते आणि आईंची ती जागा तापातून वाचली होती. प्रियदर्शनीला हे इतकं नवल वाटलं की आईचं दुखणं घटकाभर बाजूला पडलं.

आई दवाखान्यात असतानाच इंद्रजीत गेला. शाळा सुटल्यावर माढ्याहून येत होता. पुढं उसाची ट्रॉली होती आणि तिला मागं दिवा नव्हता. अंधार पुरता पडलाही नव्हता. ह्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. दरवर्षी गाळपाच्या दिवसांत असं कुणी ना कुणी जातं आणि लोक दोन दिवस ट्रॉलीवाल्याला शिव्या देतात. प्रियदर्शनीनं भावाला अग्नी दिला, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. तिथून ती दवाखान्यात गेली आणि आईला तिनं पेज भरवली. ऋतुजाला सांभाळायचं होतं, आईला सांभाळायचं होतं. रडायचं राहूनच गेलं.

गोजाबाई घरी आली आणि दारातूनच तिनं विचारलं, "इंद्रा कुटं हाय?"

ऋतुजा पुढं झाली. ते माझ्या माहेरी केमला गेलेत, अप्पांचा कांदा काढायचाय, असं तिनं सांगून टाकलं. प्रियदर्शनीला तो खोटेपणा अंगावर पाल पडल्यासारखा वाटला. तिनं वहिनीला बाजूला घेतलं आणि समजावलं. आईला तिच्या दुःखाचा हक्क आहे. एकुलता एक मुलगा गेलाय आणि तिला कांद्याच्या गोष्टी सांगायच्या? ऋतुजा एवढंच म्हणाली की पालथ्या घड्यावर पाणी आहे ताई, कशाला ओतता. पण ती सून, नवरा गेलेली, आवाज चढवायची तिच्यात ताकद नव्हती. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

प्रियदर्शनीनं खुर्ची आईच्या कॉटजवळ ओढली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्याकडं बघ, म्हणाली, आणि हळू आवाजात, लहान लहान वाक्यांत सांगितलं. गोजाबाईनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग दाराकडं. मग छाती बडवून घेतली. माज्या वाघा, माज्या राजा, करत तिनं असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. प्रियदर्शनीनं तिला मिठीत घेतलं आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा ती स्वतः रडली, अगदी हुंदके देऊन. मायलेकी बराच वेळ रडल्या. मग ऋतुजानं चहा आणला. गोजाबाईनं डोळे पुसले, बशीत ओतून चहा प्यायली आणि बशी खाली ठेवत म्हणाली, इंद्रा अजून साळंतनं आला न्हाय का गं?

शहाणं माणूस इथंच थांबलं असतं. पण शहाणपण आणि शिक्षण ही सख्खी भावंडं नव्हेत. प्रियदर्शनीनं वाचलं होतं की मेंदू बदलतो. पुन्हा पुन्हा चालल्यानं माळावर पाऊलवाट पडते तशी त्यात वाट पडते. करंगळीएवढा भाग गेला म्हणून काय झालं, बाकीचा मेंदू आहेच की. रोज सांगितलं तर कधीतरी कुठंतरी ते रुजेल, असं तिनं मनाशी घेतलं. रोज संध्याकाळी केंद्र बंद करून ती स्कूटीवर यायची. आई विचारायचीच. मग खुर्ची, हात, आवाज, आणि तेच दुःख पुन्हा नवं कोरं. रडून झालं की ती आईचं तोंड पदरानं पुसायची आणि घरी जायची. तिला त्या दिवसांत झोप बरी लागायची.

ऋतुजा त्या वेळी खोलीबाहेर निघून जायची. तिनं स्वतःचा एक मार्ग काढला होता. केमच्या बायकांनी तिचं मंगळसूत्र उतरवून घेतलं होतं, ते तिनं कपाटातून पुन्हा बाहेर काढलं. सासूच्या खोलीत जायच्या आधी ती ते गळ्यात घालायची, कपाळाला टिकली लावायची. बाहेर आली की दोन्ही काढून आरशापाशी ठेवायची. इंद्रजीतचा हार घातलेला फोटो तिनं गोदरेजच्या मागं भिंतीकडं तोंड करून उभा केला होता. सासूनं विचारलं की कांदा, परीक्षा, कुणाचं तरी लग्न, असं काहीही सांगायची आणि गोजाबाई 'बरं' म्हणायची. सासूला ती आत्या म्हणायची. तुम्ही गेल्यावर आत्या जेवत नाहीत, असं तिनं एकदा प्रियदर्शनीला सांगितलं. काय झालं ते त्यांना आठवत नाही, पण भिंतीकडं बघत बसतात आणि म्हणतात, माजं काय गेलंय कुणास ठावं, कायतरी गेलंय बग. प्रियदर्शनीला हे ऐकून उभारी आली. दुःख आत रुजायला लागलंय, असं तिनं वहिनीला समजावून सांगितलं.

फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या समुपदेशकांचा मेळावा झाला. मेंदूचं शास्त्र आपल्याला काय शिकवतं, ह्या विषयावर बोलायला प्रियदर्शनी उभी राहिली आणि छान बोलली. 'मला कळलं' असं माणूस म्हणतो तेव्हा बोलणारा असतो मेंदूचा एक कोपरा, असं तिनं सांगितलं. बाकी मोठं घर आत अंधारात आपापली कामं करत असतं, आणि आपण ओसरीवर बसून गप्पा मारतो नि समजतो की घर फिरून आलो. मग तिनं पिंकी नर्सची गोष्ट सांगितली, पेशंट कोण ते न सांगता. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघीतिघींनी तिचा नंबर घेतला. तिथून ती तशीच आईकडं गेली आणि तिनं खुर्ची पुढं ओढली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

उन्हं तापायला लागली तसं काहीतरी बदललं. गोजाबाई तिला विचारेनाशी झाली. दिवसभर ऋतुजाला विचारायची, कामवाल्या बसम्माला विचारायची, गॅसवाल्याला विचारायची, पण प्रियदर्शनी समोर आली की इंद्रजीतचं नावच काढायची नाही. प्रियदर्शनीला वाटलं, झालं, वाट पडली. आईला कळलंय. ती आनंदानं खुर्ची ओढून बसली आणि तिनं आईचे हात धरायला हात पुढं केले.

गोजाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

थंडी वाजते का, असं प्रियदर्शनीनं विचारलं. बाहेर सोलापूरचा मार्च होता, पंखा गरम वारा फेकत होता. वाजती जरा, असं गोजाबाई म्हणाली आणि भिंतीकडं सरकली. दुसऱ्या दिवशी स्कूटीचा आवाज खाली आला आणि वर गोजाबाईनं भिंतीकडं तोंड केलं, हे ऋतुजानं बघितलं. पुढं पुढं तर लेक दारात दिसली की म्हातारी तिला म्हणायची, आलीस व्हय, तुला उशीर हुईल, जा तू. चांगली ओळखायची, नावानं हाक मारायची, आणि घालवायची. प्रियदर्शनीनं एकदा अगदी हळू आवाजात विचारलं, आई, माझं काही चुकलं का?

गोजाबाईनं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, शरम होती.

"तुजं काय चुकलं न्हाय, बाळा," ती म्हणाली. "पण तू आलीस की माज्या पोटात गोळा येतो. का येतो ते मला कळंना. पोटची लेक तू. माजंच डोस्कं फिरलंय बग."

प्रियदर्शनीनं पर्स उचलली आणि ती जिना उतरून खाली आली. स्कूटीपाशी उभी राहून तिनं किल्ली शोधली, ती हातातच होती. पिंकीची सुई तिला त्या क्षणी आठवली, दंडावरून ओढलेला पदर आठवला, आणि मेळाव्यातल्या टाळ्या आठवल्या. पार्किंगच्या कठड्यावर ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिवराजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते तिला लागेल असं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की सांगितलेलं राहत नाही, झालेलं राहतं. तुम्ही काय सांगितलं ते आईंच्या डोक्यात तासभरही टिकलं नाही. पण एक खुर्ची सरकते, हात धरले जातात, आवाज खाली येतो आणि त्यानंतर काळीज फाटतं, हे मात्र त्यांच्या अंगाला पाठ झालं. वाट पडेल म्हणून चाललात ना, ती पडली. फक्त ती तुमच्याकडं जाणारी नव्हती, तुमच्यापासून लांब जाणारी होती. पुसता येईल का, असं तिनं विचारलं. पुसणं अवघड, ते म्हणाले. भीती सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारून दुसरी वाट पाडायची आणि ती इतकी वापरायची की पायांना तीच आवडू लागेल. आणि हे बोलून होणार नाही, हे तुम्हाला आता मी सांगायला नको.

त्या संध्याकाळी ती ऋतुजासमोर स्वयंपाकघरात बसली. तुझं ऐकायला हवं होतं, असं म्हणाली. ऋतुजा पोळ्या लाटत होती, गळ्यात मंगळसूत्र तसंच राहिलं होतं. माझं कशाला ऐकायचं ताई, ती म्हणाली, मी काही आत्यांसाठी खोटं बोलत नव्हते. माझे आईवडील रोज फोन करतात, केमला ये म्हणतात, आणि मी जात नाही ती का, हे मला चांगलं माहीत आहे. "सगळ्या सोलापुरात ती एकच खोली आहे, जिथं मी अजून त्यांची बायको आहे."

प्रियदर्शनीला तिच्याजवळ सरकावंसं वाटलं, हात धरावेसे वाटले, पण आपल्या हातांची तिला आता भीती वाटायला लागली होती. ती जागेवरच बसून राहिली आणि तिच्या तोंडून जे आलं ते तिनं कधी कुठल्या पेशंटपुढं कबूल केलं नसतं. मीही सत्यासाठी सांगत नव्हते, ती म्हणाली. मला आईबरोबर रडायचं होतं. इंद्रासाठी छाती फोडून रडणारं दुसरं कोण होतं मला? रोज ती रडायची म्हणून रोज मला रडता यायचं. मग ती विसरायची आणि मी घरी जाऊन झोपायचे. तिचं बोलून होईपर्यंत तव्यावरची पोळी करपली.

आधी तिनं जायचं बंद करून बघितलं. वाटलं, विसरायची तर आईला सवयच आहे, ही भीतीही विसरेल. चांगले पंधरवडाभर ती गेली नाही. मग गेली आणि 'आई' अशी हाक मारली, तर गोजाबाईचे हात पदराखाली. जे विसरावं म्हणून देवाला साकडं घालावं तेवढंच नेमकं राहिलं होतं.

मग तिला वडिलांचा वाडा आठवला. वाडा म्हणजे माळावरचा मेंढरांचा, जाळी लावलेला. एकदा एका मेंढीच्या सडाला चीर पडली होती आणि कोकरू प्यायला लागलं की तिला कळ यायची. ती त्याला लाथ मारायची, ढुशी द्यायची. चीर भरून आली तरी तिची लाथ गेली नाही. कोकरू समोरून आलं की ती बिथरायची. तेव्हा गोजाबाई मेंढीच्या तोंडाशी बसायची, तिला मीठ चाटवायची, मान खाजवायची, मोठमोठ्यानं तिच्याशी गप्पा मारायची, आणि लहानग्या प्रियाला सांगायची, पिल्लू म्होरनं आणू नगंस, मागल्या पायांतनं लाव. बरेच दिवस चाललं होतं ते. प्रियदर्शनीला त्या कोकराची सारखी आठवण यायला लागली.

तेव्हापासून ती समोर बसायची बंद झाली. कॉटच्या डोक्याकडून, आईच्या पाठीमागून यायची. खुर्चीला हात लावायचा नाही, आईचे हात धरायचे नाहीत. आणि तो आवाज, ज्याच्यावर तिचं घर चालत होतं, तो दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचा. जिन्यातूनच ती ओरडायची, "आये, काय करतीस गं?" पहिले काही दिवस तिला स्वतःचीच लाज वाटली, पुण्याला जाताना टाकलेली बोली तोंडात बसेना. ऋतुजानं कोमट करून दिलेलं तेल ती वाटीत घ्यायची आणि आईच्या केसांना चोळायची. गोजाबाईचे खांदे सुरुवातीला दगडासारखे घट्ट असायचे. प्रियदर्शनी चोळत राहायची आणि मोठ्यानं काहीबाही विचारायची: वाड्यावरच्या कुत्र्याचं नाव काय होतं, येडू धनगराची लेक कुठं दिली, काळ्या मेंढीची लोकर कातरताना कोण पडलं होतं. जुनं सगळं गोजाबाईपाशी होतं आणि ती सांगायची, आधी तुटक, मग रंगून. इंद्रजीतचं नाव दोघींपैकी कुणीही काढायचं नाही.

एकदा मेमध्ये केंद्रात एक बाई फार रडली. प्रियदर्शनी तिथून थेट आली आणि तिच्या तोंडून नेहमीच्या हळू आवाजात 'आई' निघून गेलं. गोजाबाईच्या हातातला डबा खाली पडला. तिचं तोंड पांढरं पडलं आणि 'जा तू, जा' असं ती कितीतरी वेळ म्हणत राहिली. त्या दिवशी प्रियदर्शनी घरी गेली आणि तिला वाटलं, हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात उभी राहून तिनं घसा साफ केला आणि ती पुन्हा मोठ्यानं ओरडली.

केंद्रातही ती बदलली. कुणाचे हात धरायच्या आधी आता ती थांबायची, विचारायची, खुर्ची कुठं ठेवू. लवकर सांगून टाकायची तिची घाई गेली. पेशंट थोडे कमी झाले. काहींना वाटलं, बाईंचं लक्ष नसतं हल्ली.

आषाढ-श्रावण गेले, दिवाळी तोंडावर आली, पुन्हा उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या. एका रविवारी दुपारी प्रियदर्शनी आली तेव्हा गोजाबाई गॅलरीत पाटावर बसली होती. लेकीची हाक आली तशी तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही. तिनं केसांचा बुचडा आपण होऊन सोडला आणि मान पुढं केली. का सोडला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. प्रियदर्शनी मागं बसली आणि तिनं तेल घेतलं. आईचे खांदे सैल होते. थोड्या वेळानं गोजाबाई मागं रेलली आणि तिनं आपली पाठ लेकीच्या गुडघ्यांना टेकवली. प्रियदर्शनीनं हात चालू ठेवले.

"प्रिये," गोजाबाई म्हणाली, "इंद्रा कुटं हाय गं?"

किती महिन्यांनी तिनं हे लेकीला विचारलं होतं. ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस असं विचारतं, हे प्रियदर्शनीला कुणी सांगायची गरज नव्हती. आई परत आली होती. आणि परत आलेल्या आईला आता एकच गोष्ट द्यायची नव्हती: तिच्या लेकाचं मरण. ते प्रियदर्शनीचं एकटीचं होतं, आज, उद्या, जन्मभर. दाराशी ऋतुजा येऊन उभी राहिली होती, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. तिनं प्रियदर्शनीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"केमला गेलाय, आये," प्रियदर्शनी मोठ्यानं म्हणाली. "कांदं काढाय."

"जेवून गेलाय न्हवं?"

"व्हय. जेवून गेलाय."

"बरं," गोजाबाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

प्रियदर्शनीला रडू आलं, आवरेना इतकं. पण ती मागं होती आणि आईला तिचं तोंड दिसत नव्हतं. आवाज फुटू नये म्हणून तिनं ओठ दाताखाली धरले. खाली रस्त्यावर कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"हात का थांबला गं?" गोजाबाई म्हणाली. "चोळ की."

तिचे हात तेलकट होते. तिनं डोळे खांद्याला पुसले आणि ती पुन्हा चोळायला लागली.